जंगलाने दिले तेवढ्यातच : हूक पार्क प्रशिक्षण संकुलाचा प्रकरण अभ्यास

औद्योगिक प्रशिक्षणाची इमारत एखाद्या निसर्गरम्य जागी उभी करायची ठरली, की कामाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी जागा सपाट होते, मग पोलादी कैच्यांची आणि पत्र्याची शेड उभी राहते आणि शेवटी उरलेल्या पैशांतून कुंपणाच्या कडेने झाडे लावली जातात. परिसराचा मान राखण्याचा प्रश्न अशा वेळी भिंतींचा रंग, इमारतीची उंची आणि बगीचा एवढ्यावर येऊन थांबतो. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या हूक पार्क येथे १९८०च्या दशकात हा क्रम उलटा केला गेला. तिथे वास्तुरचनाकारांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की या जंगलातून जंगलाच्याच भल्यासाठी दर काही वर्षांनी काय काढून टाकावे लागते, आणि तेवढ्याच सामग्रीवर कार्यशाळा उभी राहू शकेल का. पुढची सारी रचना, तिच्या यशासकट आणि तिच्या उणिवांसकट, या एका प्रश्नातून निघाली आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे.

जंगल आणि शाळा

हूक पार्क हे बीमिन्स्टर या लहान गावाजवळचे सुमारे १५० हेक्टरांचे जंगल आहे. डॉर्सेटचा हा भाग विशेष निसर्गसौंदर्याचा प्रदेश म्हणून संरक्षित आहे. बीच, ओक, अ‍ॅश यांसारखी रुंद पानांची झाडे आणि स्प्रूस, लार्च, डग्लस फर यांसारखी सूचिपर्णी झाडे तिथे मिसळून वाढतात. सूचिपर्णी झाडांचा मोठा भाग लागवडीचा आहे आणि लागवडीच्या जंगलाला एक शिस्त पाळावी लागते. रोपे सुरुवातीला मुद्दाम दाट लावतात. साधारण दोन-दोन मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी अडीच हजारांच्या आसपास. दाटीमुळे झाडे उजेडाच्या ओढीने सरळ वर जातात आणि खालच्या फांद्या आपोआप गळतात. वीस-पंचवीस वर्षांनी मात्र ही दाटी झाडांच्याच मुळावर येते. तेव्हापासून दर काही वर्षांनी कमजोर, दबलेली झाडे तोडून उरलेल्यांना जागा मोकळी करून द्यावी लागते. यालाच विरळणी म्हणतात. विरळणी केली नाही तर संपूर्ण लागवड काटकुळी राहते, वाऱ्याला बळी पडते आणि जमिनीवर उजेड न पोहोचल्याने खालची वनस्पतीही मरते.

विरळणीत निघणारी स्प्रूसची झाडे लांब आणि सरळ असतात, परंतु बुंध्याशी त्यांची जाडी वीतभरही भरत नाही. कापून फळ्या काढाव्यात एवढे लाकूड त्यांत नसते. त्यामुळे ती जळण, कुंपणाचे खांब किंवा कागदाचा लगदा यांसाठी कवडीमोलाने जात आणि तोडणीचा खर्चही अनेकदा वसूल होत नसे. खर्च निघत नाही म्हणून विरळणी टाळायची आणि विरळणी टाळली म्हणून जंगल बिघडू द्यायचे, अशा फेऱ्यात ब्रिटनमधील लहान खासगी जंगले सापडली होती. दुसरीकडे तोच देश आपल्या गरजेचे बहुतांश लाकूड परदेशांतून आणत होता.

जॉन मेकपीस या फर्निचरकाराला ही विसंगती अस्वस्थ करत होती. त्यांनी १९७६ साली बीमिन्स्टरजवळचा पार्नहॅम हाउस हा जुना वाडा विकत घेऊन पुढच्याच वर्षी तिथे लाकूडकामाची शाळा काढली. या शाळेचे वैशिष्ट्य असे, की विद्यार्थ्याला रचना, हातकाम आणि व्यवसाय चालवणे ही तिन्ही अंगे एकत्र शिकवली जात. परंतु उत्तम फर्निचर घडवणारे मोजके कारागीर तयार करून जंगलाचा प्रश्न सुटणार नव्हता. त्यासाठी वनमालकाला आपल्याच मालापासून काही मोलाचे घडवता आले पाहिजे आणि तसे शिकवणारे ठिकाणही जंगलातच असले पाहिजे, असा मेकपीस यांचा विचार होता. १९८३ मध्ये पार्नहॅम ट्रस्टने वन आयोगाकडून हूक पार्क विकत घेतले ते वनाधारित उद्योगांचे शिक्षण देणारी नवी शाळा उभारण्यासाठी. अभ्यासक्रमाचा विषय कमी मोलाचे लाकूड हा असेल, तर शाळेची इमारत आयात केलेल्या लाकडाची किंवा पोलादाची बांधणे हा त्या विषयाचाच पराभव ठरला असता. इमारत हाच पहिला धडा व्हावा, ही अट त्यामुळे आरंभापासून घालण्यात आली.

गोल लाकूड गोलच का ठेवले

रचनेसाठी जमलेला संघ असाधारण होता. म्युनिक ऑलिंपिकची १९७२ची तंबूसारखी छते आणि मानहाइमचे १९७५चे लाकडी जाळीचे सभागृह यांमुळे जगभर ओळखले गेलेले जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ऑटो, लंडनच्या अ‍ॅरेन्ड्स, बर्टन आणि कोरालेक या संस्थेचे रिचर्ड बर्टन आणि बाथ येथील ब्यूरो हॅपोल्ड ही अभियंत्यांची संस्था. या संस्थेचे संस्थापक टेड हॅपोल्ड यांनी मानहाइमच्या छतावर ऑटो यांच्यासोबत काम केलेले होते, त्यामुळे लवचीक लाकडाचा अनुभव या संघाच्या गाठीशी होता.

सुताराला बारीक ओंडका दिला तर तो पहिल्यांदा त्याला चौकोनी करील, कारण सांधे जुळवायला सपाट बाजू सोयीच्या पडतात. इथे मात्र तसे न करण्याचा निर्णय झाला आणि त्यामागचे गणित कोणालाही करून पाहता येईल. वर्तुळाकार छेदातून जास्तीत जास्त मोठा चौरस कापला तरी क्षेत्रफळ ६४ टक्केच उरते. वाकणाऱ्या भाराला तोंड देण्याची क्षमता तर साठ टक्क्यांवर येते. लाकडाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग करवतीखाली जातो, तो वेगळाच. याशिवाय झाडाच्या अंगातले तंतू बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अखंड धावतात आणि फांदीच्या गाठीपाशी तिला वळसा घालून पुढे जातात. करवत हे वळसे मधोमध तोडते आणि लाकूड नेमके तिथेच फाटते. गोल ओंडक्यात ही नैसर्गिक गुंफण शाबूत राहते. झाडाने वाऱ्याशी झुंजत जी ताकद कमावलेली असते, ती इमारतीत जशीच्या तशी येते. जाडी कमी असलेल्या लाकडाची ताकद टिकवण्याचा हाच सर्वांत स्वस्त मार्ग होता आणि करवतीचा खर्चही त्यात वाचत होता.

खरी अडचण पुढे होती. लांब आणि बारीक वासा दाबाखाली फार लवकर हार मानतो. लाकडाची काडी दोन बोटांत उभी धरून दाबली तर ती मधोमध वाकून मोडते, आणि तीच दोन्ही टोकांना धरून ओढली तर तुटता तुटत नाही. रचनाकारांनी हा दोष मान्य करून छत वाशांवर टेकवण्याऐवजी वाशांनाच टांगले. १९८५ ते १९८७ या काळात बांधलेल्या प्रायोगिक घरात हे प्रथम आजमावले गेले. इंग्रजी ए अक्षरासारख्या दुपायी चौकटी उभ्या करून त्यांच्या माथ्यांवरून पोलादी दोर नेला आहे. आपल्याकडच्या घरात जिथे आढे असते तिथे हा दोर आहे, आणि त्याच्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत कोवळ्या स्प्रूसचे वासे हलकी झोळी घेत खाली येतात. पाखी सपाट नसून किंचित आत दबलेली दिसतात ती या लोंबण्यामुळे. वाशांवर येणारा भार ताणाचा असल्याने त्यांची जाडी फारच थोडी ठेवता आली.

ताणाचा मार्ग निवडला की सांध्याचा प्रश्न आ वासून उभा राहतो. लाकूड तंतूंच्या दिशेने ओढ उत्तम सोसते, पण त्यात आडवे भोक पाडून बोल्ट घातला तर बोल्ट तंतूंमधून सरळ चीर पाडत बाहेर येतो. वाशाच्या ताकदीचा लहानसा अंशच अशा सांध्यातून पुढे जातो आणि बाकीची ताकद वाया जाते. बाथ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यावर काम झाले, आणि त्यातून निघालेला सांधा हा मला या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. वाशाच्या टोकाला लांबीच्या दिशेने आत निमुळते होत जाणारे भोक पाडायचे, त्यात पोलादी सळई मध्यभागी धरायची आणि भोवतालची जागा इपॉक्सी राळेने भरून काढायची. भोक निमुळते असल्यामुळे लाकडाकडून पोलादाकडे जाणारा भार एका ठिकाणी न एकवटता सळईच्या लांबीभर वाटला जातो. सांध्याचे नमुने यंत्रात ओढून ते कोणत्या भाराला तुटतात हे पाहिले गेले आणि त्यावरून वाशांचे आकार ठरले. ज्या लाकडासाठी ताकदीची तयार कोष्टके उपलब्ध नव्हती, त्याच्यासाठी ती मेहनत घेतली गेली.

कार्यशाळा

प्रायोगिक घराने धीर दिल्यावर १९८९ मध्ये मुख्य प्रशिक्षण कार्यशाळा उभी राहिली. यंत्रे, बाके आणि लांब लाकूड हलवायला मोकळी जागा हवी म्हणून मध्ये खांब नको होते. सुमारे १५ मीटरचा पल्ला बिनखांबी पार करायचा होता आणि हाताशी होते तेच बारीक ओंडके. इथे टांगणी सोडून कमानीची निवड झाली. ताज्या तोडलेल्या लाकडात पाण्याचे प्रमाण भरपूर असते आणि तंतू तोवर लवचीक असतात. असे ओले ओंडके जागेवरच वाकवून, जोडीजोडीने माथ्यावर मिळवून कमानी केल्या गेल्या. वाकवलेले लाकूड त्याच स्थितीत सुकले की तो आकार बऱ्याच अंशी धरून ठेवते. एकामागोमाग अशा कमानी उभ्या करून तीन फुगीर कवचांची लांबोडकी वास्तू तयार झाली. आत उभे राहिले की दोन्ही बाजूंनी वर जाऊन एकमेकांना मिळणारे बुंधे दिसतात, साल काढलेले, पण गाठी आणि किंचित बाक जसेच्या तसे राखलेले.

या पद्धतीत जागेवर होणारे नुकसान किती कमी होते, याकडे वर्णन करणाऱ्यांचे लक्ष फारसे जात नाही. माणसांना उचलता येईल असे हलके घटक असले की अवजड क्रेनसाठी रुंद रस्ता कापावा लागत नाही. संपूर्ण वास्तू हलकी असली की पायाही लहान लागतो, खोदाई कमी होते आणि झाडांची मुळे वाचतात. परिसराचा मान राखण्याविषयी बोलताना आपण पूर्ण झालेल्या इमारतीचे छायाचित्र पाहतो. परंतु जमिनीला खरी इजा बांधकामाच्या महिन्यांत होते. अवजड वाहनांखाली दबलेली जंगलातली माती पुढे कित्येक वर्षे पाणी मुरवत नाही. वजन हा म्हणूनच पर्यावरणाचा पहिला निकष धरायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

१९९६ मध्ये एडवर्ड कलिनन यांच्या संस्थेने ब्यूरो हॅपोल्डच्या साहाय्याने विद्यार्थ्यांसाठी वेस्टमिन्स्टर लॉज हे निवासस्थान बांधले. मधल्या सामाईक दालनाभोवती आठ खोल्या, पुन्हा विरळणीच्याच गोल लाकडाचा सांगाडा आणि छतावर गवताचा थर. ते खांबांवर जमिनीपासून उचललेले असल्याने उतार जसाच्या तसा राहिला आणि पावसाचे पाणी खालून आपल्या वाटेने जाते.

जिथे रचना कमी पडते

या वास्तूंवर लिहिताना अनेकजण भारावून जातात. पण प्रकरणाचा अभ्यास करायचा तर काही गोष्टी स्पष्ट बोलणे भाग आहे. प्रायोगिक घर आणि कार्यशाळा यांच्या छतावरचे आवरण प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाचे होते, आणि सांध्यांचा जीव पेट्रोरसायनांपासून बनणाऱ्या राळेत आहे. सांगाडा जंगलाने दिला, पण त्याला धरून ठेवणारे आणि झाकणारे पदार्थ कारखान्यातून आले. ही तडजोड मला समर्थनीय वाटते, कारण स्प्रूसचे लाकूड मुळात ओलाव्यात टिकाऊ नाही आणि पावसापासून पूर्ण आडोसा मिळाला नसता तर काही वर्षांतच ते कुजले असते. परंतु ती तडजोड आहे हे लपवू नये. राळेने भरलेला सांधा उघडून दुरुस्त करता येत नाही, ही उणीव तर अधिक गंभीर आहे. पारंपरिक सुतारकामात खुंटी काढून वासा बदलता येतो. इथे तशी सोय नाही.

दुसरी अडचण मजुरीची आहे. लाकूड जवळजवळ फुकट, परंतु प्रत्येक ओंडका वेगळ्या जाडीचा, वेगळ्या बाकाचा. प्रत्येकाचे माप घ्यावे लागते आणि प्रत्येक सांधा हाताने जुळवावा लागतो. सामग्रीत वाचलेला पैसा मोठ्या प्रमाणात संशोधनात आणि कारागिरीत गेला. प्रशिक्षण संस्थेत हे चालून जाते, कारण तिथे शिकण्याचा वेळ हेच उत्पादन असते. गोदाम बांधणारा व्यापारी मात्र हा हिशेब मान्य करणार नाही. लहान वनमालकांनी ही पद्धत सरसकट उचलली नाही, त्याचे मोठे कारण हेच असावे.

तिसरी गोष्ट संस्थेची. शाळा स्वतःच्या बळावर टिकली नाही. पार्नहॅम हाउस विकले गेले आणि २००२ मध्ये हूक पार्क लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या १८४७ साली स्थापन झालेल्या वास्तुविद्येच्या शाळेकडे आले. वनोद्योगाचे कारागीर घडवण्यासाठी बांधलेल्या जागेत वास्तुविद्येचे पदव्युत्तर विद्यार्थी आले, आणि २०१०पासून तिथे स्वतः रचना करून स्वतःच्या हाताने बांधण्याचा अभ्यासक्रम चालतो. मूळ हेतू बदलला, तरी जंगल, करवत आणि वर्ग एकाच आवारात ठेवण्याची कल्पना टिकली. २०१२ मध्ये विद्यार्थ्यांनी मोठे भाग जुळवण्यासाठी एक नवी शेड गोल लाकडातच बांधली. त्यानंतर लाकडाचा चुरा साठवण्याचे कोठार आले, आणि ते तर मूळ विचाराला पुढे नेणारे ठरले. बीचच्या झाडाला जिथे दोन फांद्या फुटतात तो दुबेळका एरवी सरपणात जातो. विद्यार्थ्यांनी जंगलात उभ्या झाडांच्या दुबेळक्यांची पाहणी केली, निवडक झाडे तोडून त्यांचे त्रिमितीय स्कॅन केले, कोणता दुबेळका कुठे बसेल हे संगणकावर ठरवले आणि यंत्रमानवाच्या हाताने फक्त सांध्यांपुरते लाकूड कोरले. अशा वीसेक दुबेळक्यांची वेडीवाकडी कमान आज त्या कोठाराचे छत तोलते आणि आतल्या चुऱ्यावर संकुल उबदार ठेवणारा बॉयलर चालतो. १९८०च्या दशकात जी अडचण होती, प्रत्येक तुकडा वेगळा असण्याची, तिच्यावर स्कॅनरने बऱ्याच अंशी मात केली आहे.

आपल्याकडच्या वनक्षेत्रासाठी

महाराष्ट्रात सागाची लागवडही अशीच दाट होते आणि तिचीही ठरावीक वर्षांनी विरळणी करावी लागते. त्यातून निघणाऱ्या बल्ल्या कुंपणाला, मांडवाला आणि बांधकामाच्या परांचीला जातात. गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात बांबूही विपुल आहे, आणि चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची इमारत बांबूतच उभारण्याचा निर्णय झाला, तो हूक पार्कच्याच विचाराच्या कुळातला म्हणता येईल. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या केंद्राच्या बांधकामाला आग लागून मोठे नुकसान झाले. त्यामुळे बांबू नको असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु जाड ओंडका बाहेरून कोळपून आतला भाग काही काळ वाचवतो, तशी सवलत पोकळ, पातळ भिंतीचा बांबू देत नाही. म्हणून दालनांमध्ये अंतर, मध्ये मातीच्या किंवा विटांच्या भिंती आणि हाताशी पाण्याचा साठा या गोष्टी आराखड्याच्या पहिल्या कागदावर यायला हव्यात.

डॉर्सेटची रचना जशीच्या तशी इथे आणता येणार नाही, हेही उघड आहे. तिथे वाळवीचा त्रास जवळपास नाही, इथे तोच पहिला शत्रू आहे. त्यामुळे बल्लीचा पाय दगडी जोत्यावर आणि जमिनीपासून वेगळा हवा. तिथल्या रिमझिमीपेक्षा इथला पाऊस वाऱ्यासह आडवा येतो आणि त्यासाठी पाखी खूप पुढे काढावी लागतील. तिथे ऊब राखायची असते, इथे उष्मा बाहेर काढायचा असतो, म्हणून कापडी आवरणाखाली कार्यशाळा चालवणे एप्रिल-मे महिन्यांत अशक्य होईल. मंगलोरी कौलांचे वजन लक्षात घेतले तर टांगलेल्या वाशांची रचना मुळातून नव्याने आखावी लागेल.

बाथच्या प्रयोगशाळेत जे झाले, ते मात्र इथे होणे नक्की शक्य आहे. बांबूच्या बांधकामासाठी भारतीय मानक १५९१२ उपलब्ध आहे. कोलंबियातील बांधकामांत बांबूच्या पेरात सिमेंटचा मसाला भरून त्यात बोल्ट अडकवण्याची रीत रुळलेली आहे. विरळणीतल्या सागाच्या बल्लीचा सांधा किती ओढ सोसतो, ओली बल्ली किती वाकते आणि सुकताना किती चिरते, हे नागपूर किंवा चंद्रपूरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्या चाचणी यंत्रावर पाहावे. ते आकडे हाती आल्याशिवाय कोणताही सरकारी अभियंता अशा आराखड्यावर सही करणार नाही आणि त्याने ती करूही नये. ऑटो आणि बर्टन यांनीही मुख्य कार्यशाळेला हात घालण्यापूर्वी एक लहान घर बांधून पाहिले होते.